नणंद-भावजयींनी शिवलेला झेंडा

पनामा म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक शाळेच्या भूगोलातला कालवा आणि दुसरी पनामा हॅट. त्यातली हॅट पनामाची नव्हेच. ती विणतात इक्वेडोरमध्ये, पनामाच्या बंदरातून जगभर गेली म्हणून वाटेतल्या गावाचं नाव तिला चिकटलं. उरला कालवा. तोसुद्धा बांधून झाल्यावर ८५ वर्षं पनामाच्या लोकांचा नव्हता.

माझी लेक लग्नानंतर पनामा सिटीत गेली. जावईबापू जहाजावरच्या मालाची कामं बघणाऱ्या कचेरीत आहेत. ‘आई, इथं टेकडी आहे, जंगल आहे, समुद्राकाठी चालायला लांबलचक रस्ता आहे. तुझे गुडघे धरायच्या आत ये की,’ असं ती दर फोनला म्हणायची. निघताना जाऊबाईंनी विचारलं, ‘एवढ्या लांब जाऊन बघण्यासारखं काय हाय गं तिथं?’ मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आता देते. थोडं लांबेल, पण ऐका.

पहिल्या रविवारी आम्ही जुनं पनामा बघायला गेलो. तिकडे त्याला पनामा व्हिएहो म्हणतात. शहराच्या पूर्वेला, काचेच्या उंच इमारती मागे टाकल्या की समुद्राकाठी पडक्या दगडी भिंती लागतात. १५ ऑगस्ट १५१९ रोजी पेद्रारियास दाविला या स्पॅनिश सुभेदाराने हे शहर वसवलं. अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर युरोपियनांनी वसवलेलं हे पहिलं कायमचं शहर. या पेद्रारियासची एक गोष्ट लेकीनं मला सांगितली, ती ऐकून मी जावईबापूंकडे बघितलंच! १५१३ मध्ये बाल्बोआ नावाचा स्पॅनिश माणूस डोंगर ओलांडून आला आणि त्यानं पॅसिफिक समुद्र बघितला. पेद्रारियासनं आपली मुलगी त्याला दिली. मुलगी स्पेनमध्येच होती, लग्न परस्पर ठरलं. पुढे सासऱ्या-जावयाचं फाटलं आणि १५१९ च्या जानेवारीत सासऱ्यानं जावयाचं डोकं उडवलं. त्याच वर्षी हे शहर वसलं. आज पनामाच्या चलनाचं नाव आहे बाल्बोआ. सासऱ्याच्या नावाचं नाणं नाही.

हे शहर जगलं दुसऱ्यांच्या चांदीवर. पेरूची चांदी जहाजानं इथं यायची, इथून खेचरांच्या पाठीवर लादून जंगलातल्या फरसबंद वाटेनं पलीकडच्या समुद्राला जायची आणि तिथून स्पेनला. १६७१ च्या जानेवारीत हेन्री मॉर्गन हा चाचा आपली माणसं घेऊन जंगल तुडवत आला. लढाई झाली, गव्हर्नरच्या हुकमानं दारूगोळ्याची कोठारं उडवली गेली आणि शहर जळालं. आज तिथं कॅथेड्रलचा चौकोनी मनोरा उभा आहे, जिन्यानं वर जाता येतं. मला मात्र नन बायकांच्या मठाचे अवशेष जास्त आठवतात. भिंती पडल्यात, पण त्यांचं पाण्याचं टाकं अजून ओळखू येतं. देऊळ असो की मठ, बायका राहिल्या तिथं पाण्याची सोय आधी केलेली दिसते.

जळालेलं शहर लोकांनी पुन्हा तिथंच बांधलं नाही. १६७३ मध्ये काही किलोमीटरवर समुद्रात शिरलेल्या एका जिभेवर, तटबंदी घालून नवं गाव वसवलं. तेच आजचं कास्को व्हिएहो, म्हणजे जुनी पेठ. आता जुन्याहून जुनं आणि नव्यातलं जुनं, असा हा घोळ आहे, पण दोन्ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. विटांचे रस्ते, लाकडी सज्जे, कुंड्या. एका चर्चमध्ये सोन्याचा मुलामा दिलेली भली मोठी वेदी आहे. मॉर्गन येतोय कळल्यावर ती काळ्या रंगानं माखून लपवली, अशी दंतकथा गाईड लोक रंगवून सांगतात. दंतकथाच ती, पण सोनं लपवण्याची गोष्ट कुठल्या बाईला आवडणार नाही?

पेठेच्या टोकाला, समुद्राला लागून एक चौक आहे, फ्रान्सचा चौक. मधे उंच स्तंभ, त्याच्या टोकावर कोंबडा. फ्रान्सचं ते चिन्ह. सुएझ कालवा खणणारे लेसेप्स पनामाचा कालवा खणायला निघाले. १८८१ मध्ये काम सुरू झालं, १८८९ मध्ये कंपनी बुडाली. तेवढ्या काळात सुमारे २२,००० माणसं मेली असा अंदाज आहे. दरडीखाली, अपघातात मेली, पण त्याहून कितीतरी जास्त मलेरियानं आणि पिवळ्या तापानं.

इथं मला आमच्या बेळगावच्या जुन्या घराची आठवण झाली. स्वयंपाकघरात दूध-तुपाचं जाळीचं फडताळ होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या चारी पायांखाली वाट्या, वाट्यांत पाणी. सासूबाई ते पाणी रोज सकाळी बदलायला लावायच्या. मला नव्या सुनेला वाटायचं, मुंग्यांना रोज ताजं पाणी कशाला? तर मैत्रिणींनो, फ्रेंचांनी पनामात टेकडीच्या उतारावर मोठं सुरेख इस्पितळ बांधलं होतं. नन बायका मनापासून सेवा करत. मुंग्यांचा फार त्रास, म्हणून त्यांनी रोग्यांच्या खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. बागेतल्या झाडांभोवतीही पाण्याची आळी. खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. त्या वाट्यांत डास वाढले. पाय मोडला म्हणून आलेला माणूस तापानं जायचा. कुणाचाही वाईट हेतू नव्हता. घर नीट ठेवणाऱ्या बाया होत्या त्या, माझ्या-तुमच्यासारख्या. फक्त पाणी बदलायचं कळलं नव्हतं.

कळवणारा एक माणूस होता. क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच सांगितलं होतं, की पिवळा ताप डासामुळे पसरतो. वीस वर्षं लोक हसले. १९०० मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी क्यूबात प्रयोग करून ते खरं ठरवलं. मलेरियाच्या बाबतीत हाच शोध आपल्या जवळ लागला. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधले. हैदराबादच्या वाचक भगिनींना ते ठिकाण माहीत असेल. पनामात १९०४ नंतर डॉ. गोर्गस यांनी हे ज्ञान घरोघर नेलं. घरात धुरी दिली, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, साचलेल्या पाण्यावर तेल टाकलं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नळ आणले, कारण नळ नसलेल्या घरात बाई पिंपं भरून ठेवणारच. १९०५ संपेपर्यंत शहरातून पिवळा ताप गेला. फ्रान्सच्या त्या चौकात फिनले यांच्या स्मरणाचा दगड आहे. मी तिथं जरा वेळ थांबले. आमच्या घरी पाणी गाळून, झाकून ठेवायची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती जुनाट म्हणून मीच कधी काळी नाक मुरडलं होतं.

त्याच चौकापाशी समुद्राच्या तटावर गुना जमातीच्या बायका मोला विकत बसतात. मोला म्हणजे कापडाचे रंगीत थर एकावर एक ठेवून, वरचे कापून, कडा दुमडून शिवलेलं नक्षीकाम. आपल्या वाकळीत तुकडे वर जोडतात, इथं खालचा रंग वर काढतात. दोन्ही नाकपुड्यांच्या मधोमध सोन्याची कडी, हातापायांवर मण्यांचे घट्ट पट्टे. ‘सुधारणा’ म्हणून सरकारनं एकेकाळी त्यांचा हा पोशाख आणि नाकातली कडी बंद करायला लावली, पोलिसांनी जबरदस्ती केली. १९२५ च्या फेब्रुवारीत गुना लोकांनी उठाव केला आणि आपल्या रीतीनं राहण्याचा हक्क मिळवला. नथीसाठी लढाई म्हटली तर हसू येईल, पण ती बाई समोर बसून टाके घालत असताना हसू येत नाही.

आता झेंड्याकडे येते.

१९०३ पर्यंत पनामा हा कोलंबियाचा भाग होता. अमेरिकेला कालवा खणायचा होता. आधी निकाराग्वामधून खणावा असंही घाटत होतं. फ्रेंच कंपनीतला एक इंजिनिअर, ब्युनो-व्हारिया, याचे पैसे पनामात अडकले होते. त्यानं निकाराग्वाची टपालाची तिकिटं जमवली, ज्यांवर धुमसणारा ज्वालामुखी छापला होता, आणि एकेक तिकीट अमेरिकेच्या प्रत्येक सिनेटरला पाठवलं. कालवा पनामाकडे वळला. कोलंबियानं अटी नाकारल्या, तेव्हा पनामातल्या पुढाऱ्यांनी अमेरिकेच्या पाठबळावर वेगळं व्हायचं ठरवलं. वेगळं व्हायचं तर झेंडा हवा. पुढाऱ्यांपैकी मान्वेल आमादोर यांच्या मुलानं तो काढून दिला. शिवला कुणी? त्यांच्या पत्नी मारिया ओसा आणि मारियांची भावजय आंखेलिका यांनी. संशय नको म्हणून निळं, लाल, पांढरं कापड वेगवेगळ्या दुकानांतून आणलं आणि गुपचूप शिवलं, असं सांगतात. नणंद-भावजय दाराला कडी लावून शिवत बसल्यात आणि बाहेर राज्य उलथतंय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ३ नोव्हेंबर १९०३ रोजी पनामा वेगळा झाला.

आणि पंधरा दिवसांत, १८ नोव्हेंबरला, कालव्याचा करार वॉशिंग्टनमध्ये झाला. पनामाच्या बाजूनं सही केली त्याच फ्रेंच ब्युनो-व्हारियानं. पनामाची माणसं पोचायच्या आत, काही तासांच्या फरकानं, त्यानं उरकून घेतलं. घरचे मांडवात यायच्या आधी मध्यस्थानंच मुलगी देऊन टाकावी, तसं झालं. कालव्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैल, म्हणजे दहा मैलांचा पट्टा अमेरिकेला मिळाला, तोही कायमचा. देशाचे मधोमध दोन तुकडे. या पट्ट्याला म्हणत कॅनाल झोन. पनामा शहर त्याच्या अगदी कडेला. शहराची टेकडी, अंकोन, झोनमध्ये गेली.

मला लेकीनं जे जे दाखवलं, ते बहुतेक सगळं या झोनमधलं निघालं. हेच मला जाऊबाईंना सांगायचं आहे. त्या शहरात आज ज्या जागी लोक मोकळं फिरायला जातात, त्यांतल्या कितीतरी जागा परवा-परवापर्यंत परक्यांच्या हद्दीत होत्या.

कालवा खणायला हजारो माणसं आली वेस्ट इंडीजच्या बेटांवरून, एकट्या बार्बाडोसमधून सुमारे २०,०००. शहरात त्यांचं एक लहानसं संग्रहालय आहे, जुन्या लाकडी चर्चमध्ये. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यांत, काळ्या मजुरांना चांदीच्या. मग त्यावरून सगळंच दोन झालं. सोन्याची दुकानं, चांदीची दुकानं, टपालाच्या खिडक्या, शाळा, घरं. पाट्यांवर काळा-गोरा असा शब्द नाही, फक्त सोनं आणि चांदी. अमेरिकन काळात ५,६०० च्या वर माणसं मेली, त्यांत बहुतेक चांदीवाली. त्यांनी आपल्याबरोबर खाणंही आणलं असणार. भातात नारळाचं दूध आणि ग्वांदू घालून करतात, ते लेकीनं मला खिलवलं. ग्वांदू म्हणजे काय? तर आपली तूर! मूळ आपल्याकडची, आफ्रिकेमार्गे बेटांवर आणि तिथून इथं पोचलेली. परदेशात शाकाहारी बाईचे हाल होतात म्हणतात; मी तुरीच्या भातावर आणि तळलेल्या कच्च्या केळ्यांवर सुखानं दोन महिने काढले.

कालवा बघायला मिराफ्लोरेसला जायचं. ते शहराजवळचं दाराचं ठाणं. जहाज समुद्रातून थेट पलीकडे जात नाही. मधे गातूनचं गोडं तळं आहे, समुद्रापासून सुमारे २६ मीटर उंच. जहाज पायऱ्यांनी चढतं, तळ्यातून जातं आणि पलीकडे पायऱ्यांनी उतरतं. पायरी म्हणजे दरवाजे लावलेला हौद. पाणी भरलं की जहाज वर, सोडलं की खाली. पंप नाही, पाणी आपल्या उतारानं येतं. दोन्ही बाजूंनी लोखंडी इंजिनं दोरांनी जहाज सरळ धरतात. त्या इंजिनांना ‘मुला’ म्हणतात, म्हणजे खेचरं. चांदी वाहणाऱ्या खेचरांचं नाव असं टिकलं. जुन्या हौदांतून एक जहाज जायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. आणि हेच तळं शहराला प्यायचं पाणी देतं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा दिवसाला ३६ च्या आसपास जाणारी जहाजं पुढे २४ वर आणावी लागली. गॅलरीत लोक जहाजाकडे बघून हात हलवत होते, मी पाण्याकडे बघत होते. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावच्या बाईची नजर जाणार कुठं?

संध्याकाळी अमादोरच्या रस्त्यावर चालायला जायचो. कालवा खणताना निघालेला दगड समुद्रात टाकून तीन-चार बेटं जोडली, तोच हा रस्ता. एका बाजूला कालव्याच्या तोंडाशी पाळीची वाट बघत उभी जहाजं, दुसऱ्या बाजूला शहराचे मनोरे. सुरुवातीलाच रंगीबेरंगी पत्र्यांची बायोम्युझिओ ही इमारत, फ्रँक गेरी यांनी आखलेली, २०१४ मध्ये उघडलेली. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी ही चिंचोळी जमीन समुद्रातून वर आली, दोन अमेरिका जोडल्या आणि प्राणी इकडचे तिकडे गेले, ते तिथं मांडलंय. आज या रस्त्यावर मुलं सायकली चालवतात, बाया बर्फाचा गोळा खातात. पूर्वी इथं लष्करी तळ होता.

शेवटी राहिली अंकोन. उंची फक्त १९९ मीटर. पहाटे निघालो, गुडघ्यांची विचारपूस करत करत तासाभरात वर पोचलो. वाटेत झाडावर आळशी स्लॉथ उलटा लटकलेला, मुंगूस म्हणावं तर शेपूट नसलेला एक लाजरा प्राणी रस्ता ओलांडून गेला, एक टुकान आपली केवढी तरी चोच सांभाळत बसलेला. शहराच्या मधोमध एवढं रान! वर पोचलो आणि सूर्य उगवला, तो पॅसिफिक समुद्रातून. पश्चिमेचा समुद्र म्हणून पाठ केलेला, आणि इथं जमीनच अशी वळलेली की सूर्य त्यातून वर येतो.

माथ्यावर एका बाईचा पुतळा आहे. अमेलिया देनिस दे इकासा, पनामाच्या कवयित्री. जन्म याच शहरातला, १८३६ चा. आयुष्य बरंचसं दुसऱ्या देशांत गेलं. म्हातारपणी परत आल्या तर लहानपणची टेकडी परक्यांच्या ताब्यात. १९०६ मध्ये त्यांनी अंकोनवर कविता लिहिली, जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी. पनामातली शाळेतली मुलं ती पाठ करतात. १९११ मध्ये त्या गेल्या, टेकडी परत मिळालेली न बघताच.

पुतळ्यापासून खाली बघितलं तर एक मोठा रस्ता दिसतो. झोनची हद्द तिथून जायची. ९ जानेवारी १९६४ रोजी जवळच्या एका सरकारी शाळेची सुमारे २०० मुलं आपल्या शाळेचा झेंडा घेऊन झोनमध्ये शिरली. झोनमधल्या अमेरिकन हायस्कूलसमोर अमेरिकेच्या झेंड्याशेजारी आपलाही लावायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. तसं ठरलंही होतं. झटापट झाली, झेंडा फाटला. नणंद-भावजयींनी शिवलेल्या झेंड्याचाच तो नातू म्हणा. शहर पेटलं. वीसच्या वर पनामाची माणसं मेली, चार अमेरिकन सैनिक मेले. पहिला गेला आस्कानियो आरोसेमेना, वीस वर्षांचा विद्यार्थी. त्या हद्दीच्या रस्त्याचं नाव आता हुतात्म्यांचा मार्ग आहे. ज्या शाळेपाशी झेंडा फाटला, ती इमारत आता आस्कानियोच्या नावानं कालव्याच्या लोकांचं प्रशिक्षण केंद्र आहे.

पुढे १९७७ मध्ये तोरिहोस आणि कार्टर यांचा करार झाला. १ ऑक्टोबर १९७९ रोजी झोन संपला आणि अंकोनवर पनामाचा झेंडा चढला. ३१ डिसेंबर १९९९ रोजी दुपारी बारा वाजता कालवा पनामाचा झाला. तो ताब्यात घेतला मिरेया मोस्कोसो यांनी, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षांनी. ९६ वर्षांपूर्वी मध्यस्थानं परस्पर दिलेलं घर परत मिळालं तेव्हा दारात बाई उभी होती, हे मला आवडलं.

सीमाभागात वाढलेल्या बाईला हद्द, पाटी, झेंडा हे शब्द कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. मी वर बराच वेळ बसले. झेंडा भलामोठा आहे, वाऱ्यानं फडफडला की शिडासारखा आवाज येतो. शाळेच्या मुली सहलीला आल्या होत्या. डबे उघडून बसल्या, एकीनं मला तळलेल्या केळ्याचा तुकडा दिला. त्या पुतळ्याच्या पायाशी चपला काढून, झेंड्याच्या सावलीत खिदळत होत्या. त्यांच्यासाठी ती नुसती टेकडी होती, शाळेनं सहलीला आणलेली.

जाऊबाई, हेच बघण्यासारखं हाय तिथं.